सातातला एक

शिंप्याचा हात माऊसवर अकरा सेकंद थांबला. बोट हललं नाही, मनगट उचललं गेलं नाही. स्क्रीनवरचा बाण एका रिकाम्या जागी उभा होता आणि शिंप्याची मान किंचित पुढे आली होती, सुईत दोरा ओवताना येते तशी. काचेच्या अलीकडे बसलेल्या बाईनं घड्याळ बघून वहीत लिहिलं: पायरी चौथी, डिस्क, अकरा सेकंद.

तिचं कामच हे होतं. ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती नोकरीला होती. सिस्टीम कॉम्प्युटरवर चढवताना जो इन्स्टॉलर चालतो, त्याच्या पायऱ्या साध्या माणसांना जमतात की नाही हे ती बघायची. ज्यांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही अशांना बोलवायचं, चहा द्यायचा, खुर्चीत बसवायचं आणि मग एका अक्षराची मदत न करता त्यांचा हात कुठे अडखळतो ते टिपायचं. भौतिकशास्त्र शिकलेल्या त्या बाईला हे काम मनापासून आवडायचं. ती शाळेत असतानाच थोरल्या भावानं, दादानं, तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं, कारण वाढदिवसाचा केक तिनं एकदा खरोखरच पट्टी लावून कापायला लावला होता. घरात ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या दिवशी सात माणसं येऊन गेली. प्रत्येकाला काम एकच: कॉम्प्युटरमधलं फोटोंचं फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर कॉपी करायचं आणि मग नवी सिस्टीम चढवायची. सहा जणांनी कॉपी झाल्यावर पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. शिंप्यानं तो तसाच लावून ठेवला.

चौथ्या पायरीवर इन्स्टॉलर विचारायचा, सिस्टीम कुठल्या डिस्कवर चढवू. खाली एक चौकट. चौकटीत डिस्कांची यादी. नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, आणि प्रत्येकीपुढे आधीच टिक केलेली. टिक असेल ती डिस्क पुसली जाणार. चौकट जेमतेम दोन ओळी मावतील एवढी उंच. तिसरी ओळ असलीच तर खाली दडलेली, आणि खाली आणखी काही आहे हे सांगणारी उजवीकडची पट्टी, बाण चौकटीवर नेल्याशिवाय उमटायचीच नाही. ज्या प्रोग्रामरनं ती स्क्रीन केली त्याला सगळे चष्मा म्हणत. त्यानं ती पट्टी मुद्दाम लपवली होती. "स्वच्छ दिसतं," एवढंच त्याचं म्हणणं.

त्या खोलीतल्या कॉम्प्युटरला आतच दोन डिस्क होत्या. शिंप्याचा पेन ड्राइव्ह तिसरा.

"माझं हे यात दिसत नाही," शिंपी स्वतःशीच म्हणाला आणि त्याचा चेहरा सैल झाला. "म्हणजे याला कोणी हात लावत नाही. बरं झालं." त्यानं 'पुढे' दाबलं.

चार मिनिटांत पेन ड्राइव्ह कोरा झाला.

फोटो खोटेच होते, चाचणीपुरते जमवलेले. कोणाचं काही गेलं नाही. बाहेर पडताना शिंपी खुशीत होता. "जमलं की हो मला! सून म्हणत होती, जाऊ नका, हसं होईल."

"पेन ड्राइव्ह काढला का नाहीत?" मोजपट्टीनं विचारलं.

"काढला आणि कुठे पडला तर? अहो, टाचणीसुद्धा मी खोचूनच ठेवतो. जिथल्या तिथे असलेलं बरं."

ती हसली. त्याला तिनं काही सांगितलं नाही. चाचणीला आलेल्या माणसाला चुकलात म्हणून सांगायचं नाही, असा नियमच होता.

अहवालात मात्र तिनं स्पष्ट लिहिलं: गंभीर. जो सर्वांत जपून वागतो त्याचेच नुकसान होते. दुरुस्तीशिवाय ही आवृत्ती बाहेर देऊ नये.

प्रमुखांनी ते वाचून तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः फोन करून विचारपूस करणारा होता.

"सातात एक," ते म्हणाले. "तू तर विज्ञान शिकलेली. एका टिंबावरून रेघ ओढतात का कधी?"

"बाकीच्या सहा जणांनी पेन ड्राइव्ह काढला म्हणून ते वाचले. स्क्रीनमुळे नाही वाचले."

"पण वाचले ना? अगं, तारीख जाहीर झाली आहे. शुक्रवारी बाहेर जायचंय. आता त्या चौकटीला हात लावला तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. तू एवढंच कर. 'गंभीर'च्या जागी 'अपवाद' लिही आणि तो परिच्छेद मागे पुरवणीत टाक. पुढच्या आवृत्तीत बघू. नक्की बघू."

उत्तर तिच्यापाशी तयार होतं. सात माणसांत एकदा घडलेली गोष्ट क्वचितच घडते असं म्हणता येत नाही. ती हजारात एकदा घडणारी असेल किंवा तिघांत एकदा. सात माणसांवरून ते कळतच नाही. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित. तिनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या आठवड्यात प्रमुखांशी तीन गोष्टींवरून वाजलं होतं आणि तिन्ही वेळा तिनं आपलंच खरं केलं होतं. चौथ्या वेळी तिला कंटाळा आला. कारण शोधायला गेलं तर एवढंच निघालं असतं, कंटाळा. जागेवर येऊन तिनं स्वतःच्या हातानं शब्द बदलला. अहवाल चौदा पानांचा होता. शिंपी चौदाव्या पानावर गेला.

दादाला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका दुपारी जेवून हात धुवायला म्हणून उठला, पुन्हा खुर्चीत टेकला आणि तिथेच संपला. मागे उरल्या वहिनी आणि मोजपट्टी. आईवडील आधीच गेलेले, दादाला मूलबाळ नाही, मोजपट्टीचं लग्न मोडून जमाना झालेला. नणंद-भावजयांबद्दल लोक जे काही सांगतात त्यातलं या दोघींत काही नव्हतं. दर रविवारी एक दुसरीकडे जेवायची आणि मीठ जास्त झालं तर तोंडावर सांगायची.

दादाला एक खोड होती. लिफ्ट बघायला गेला की आधी तिचा आवाज फोनमध्ये भरून घ्यायचा आणि दुरुस्तीनंतर परत भरायचा. दोन्हींत स्वतः बोलायचा: तारीख, इमारत, मजला, काय घासतंय, काय खडखडतंय. आणि लिफ्टशीही बोलायचा. "काय गं बाई, तिसऱ्या मजल्याशी तुझं काय वाकडं आहे?" "आता तेल दिलंय ना, मग कुरकुर कशाची?" घरी आला की सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा. अशा चारशे बारा फायली होत्या. तो गेल्यावर त्याच्या कंपनीनं फोन परत नेला, पण कॉम्प्युटर घरचा होता. वहिनी कामावरून आली की चपला काढायच्या आधी एक फाईल लावायची.

"माझ्याशी कधी एवढ्या लाडानं बोलला नाही बघ," ती मोजपट्टीला म्हणायची. "प्रत्येक इमारतीत एक सवत होती मला." आणि हसता हसता ओट्याकडे तोंड फिरवायची.

वहिनी औषधांच्या दुकानात होती, तेरा वर्षं काउंटरवर. डॉक्टरची चिठ्ठी दोनदा वाचायची, मग खोक्यावरचं नाव बोट ठेवून वाचायची, मग गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायची. तेरा वर्षांत एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. नवा माणूस आला की दुकानाचे मालक त्याला सांगायचे, "शंका आली तर मला विचारू नका, त्यांना विचारा."

दादाचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. एक फाईल उघडायला दोन-दोन मिनिटं घ्यायचा. मोजपट्टीनंच फोनवर सुचवलं, "वहिनी, आमची नवी सिस्टीम घाल त्यावर. हलकी आहे. पाच पायऱ्या फक्त. पण आधी दादाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी कर हं. आतलं पुसलं जातं."

"करते."

"मी येऊ का?"

"एवढ्यासाठी कशाला बसचे धक्के खातेस? तुझ्या हाताखालून गेलेलं आहे ना ते? मग सोपंच असणार."

कॉपी झाल्यावर डिस्क काढून ठेव, हे वाक्य मोजपट्टी बोलली नाही. शिंपी तिला त्या वेळी आठवलाच नाही. ज्याला आपण चौदाव्या पानावर ठेवतो तो मनातही तिथेच जाऊन बसतो.

रविवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. आवाज उत्साहाचा होता.

"मोजपट्टी, झालं बघ! दुपारभर चाललं होतं, पण छान दिसतंय. फक्त ते फोल्डर सापडत नाहीये. बाहेरची डिस्क रिकामी दाखवतंय. कुठे बघू सांग ना."

"डिस्क तू काढून ठेवली होतीस ना आधी?"

"नाही गं. काढली आणि हातातून पडली म्हणजे? लावूनच ठेवली. पण मी वेंधळी नाहीये. डिस्कच्या पाठीवरचा नंबर कागदावर उतरवून घेतला होता आणि त्या यादीशी ताडून बघितला. दोन नंबर होते, दोन्ही वेगळे. हिचा नव्हताच. म्हणून तर पुढे गेले."

मोजपट्टीनं पिशवी खांद्याला अडकवली. दादानं त्या कॉम्प्युटरमध्ये स्वतःच्या हातानं दुसरी डिस्क बसवली होती, तेव्हा स्क्रू धरायला तीच बसली होती शेजारी. आत दोन, बाहेरची तिसरी.

"वहिनी, कशाला हात लावू नकोस. मी येते."

ती पोचली तेव्हा स्क्रीनवर निळी टेकडी होती आणि तिच्यावर 'स्वागत आहे' असं लिहिलेलं होतं. टेबलावर कागद होता, वहिनीच्या गोल अक्षरातला नंबर, खाली रेघ. वहिनी खुर्चीच्या कडेवर बसली होती. मोजपट्टीनं डिस्क उघडून बघितली, अजून एकदा बघितली. तिचा चेहरा बघून वहिनीला कळायचं ते कळलं.

"गेलं?"

मोजपट्टीनं मान हलवली.

वहिनीनं टेबलावरचा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार."

त्या क्षणी खरं सांगणं सोपं होतं. नंतर मोजपट्टीनं हे कितीदा तरी मनात तपासून बघितलं. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. तिनं वहिनीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे वहिनी. होतं असं कधी कधी."

दुसऱ्या दिवशी ती डिस्क घेऊन बिघडलेल्या डिस्कमधलं परत काढून देणाऱ्या एका तंत्रज्ञाकडे गेली. त्याच्या टेबलावर उघड्या डिस्कांची रांग होती. त्यानं चार दिवसांनी तिला बोलावून डिस्क परत दिली. "नुसती यादी पुसली असती तर काढून दिलं असतं. यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहिली आहेत. आतल्याही दोन्ही डिस्कांवर तेच असेल. फार नेटकं काम आहे. कोणाचा इन्स्टॉलर हा?"

तिनं डिस्क पिशवीत ठेवली आणि ती बाहेर पडली.

कंपनीत तिनं तो परिच्छेद चौदाव्या पानावरून उचलून प्रमुखांच्या पुढ्यात ठेवला. कोणाचं काय गेलं तेही सांगितलं. प्रमुखांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्म्याला बोलावलं. चष्म्यानं चौकट मोठी केली, आधीपासूनच्या टिकच्या खुणा काढून टाकल्या, बाहेरून लावलेल्या डिस्कांना वेगळं चित्र दिलं. एका दुपारचं काम होतं. चहाच्या आधी संपलं. बदलांच्या यादीत त्यानं लिहिलं: किरकोळ सुधारणा.

"वहिनींना काय सांगितलंस?" प्रमुखांनी विचारलं.

"काही नाही."

"मग नकोच सांगूस. सांगून फायली परत येणार आहेत का? उगाच जखमेवरची खपली काढायची." ते भल्यासाठीच बोलत होते. तिला ते सोयीचं वाटलं आणि सोयीचं वाटलं म्हणून लाजही वाटली.

आठवडे गेले. दर रविवारी मोजपट्टी ठरवून जायची, आज सांगायचं. वहिनी दार उघडायची, पानं घ्यायची, आणि मोजपट्टीचा घास आणि वाक्य दोन्ही बरोबरच खाली जायचे. तिला भीती कशाची होती हे तिला नेमकं माहीत होतं. वहिनी ओरडली असती तर ते तिनं सोसलं असतं. पण वहिनी ओरडणारी नव्हती. ती शांतपणे ऐकून घेईल, ताट उचलून ठेवेल, आणि पुढच्या रविवारी दार उघडणार नाही. जगात मोजपट्टीला त्या नावानं हाक मारणारं ते एकच माणूस उरलं होतं.

तोवर वहिनी बदलत गेली. आधी गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघायला लागली. मग कुलूप. मग दुकानात चिठ्ठी दोनदाऐवजी पाचदा वाचायला लागली, आणि पाचदा वाचूनही खोकं हातात धरून उभी राहायला लागली. शेजारच्या काउंटरवरच्या माणसाला म्हणायची, "जरा बघता का हो, हेच आहे ना?" रांग दारापर्यंत जायची. एकदा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं टोमणा मारला, "बाई, खोकल्याचं औषध मागितलंय, तुमच्या मुलीचा हात नाही मागितला." सगळे हसले. वहिनीही हसली. घरी येऊन तिनं मोजपट्टीला फोनवर तो विनोद सांगितला आणि सांगता सांगता मधेच थांबली.

नवव्या आठवड्यात, बुधवारी, वहिनीनं तिला कामावरून परस्पर बोलावून घेतलं. संध्याकाळचं ऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलं होतं. टेबलावर एक कागद होता.

"तुझं लिहिणं नीटनेटकं. वाच जरा. काही राहिलं असेल तर घाल."

मोजपट्टीनं वाचलं. दुकानाच्या मालकांना लिहिलेलं पत्र होतं. गेल्या काही आठवड्यांपासून माझा माझ्या हातांवर भरवसा राहिलेला नाही. माझ्याकडून एक मोठी चूक झाली आणि ती कशी झाली हे मला अजून कळलेले नाही. अशी चूक काउंटरवर झाली तर कोणाच्या तरी जिवावर बेतेल. म्हणून महिनाअखेरीपासून मला कामातून मोकळे करावे.

"वहिनी, हे काय?"

"उद्या सकाळी देते."

"अगं, तेरा वर्षं..."

"तेरा वर्षं चूक झाली नाही म्हणून चौदाव्या वर्षी होणार नाही असं थोडंच आहे? तूच सांगतेस ना असलं गणित नेहमी."

"महिनाभर सुट्टी घे. बदल होईल जरा."

"सुट्टीनं हात बदलतात का गं?" वहिनीनं दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि दुसऱ्या कोणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघितलं. "मी परवा त्या मालकांना म्हटलं, मला मागे गोदामात टाका, खोकी मोजत बसते. ते म्हणाले, तुम्हाला काय झालंय? काय सांगणार? नवऱ्याचा आवाज पुसला म्हणून सांगू? ज्या हातानं हे झालं त्याच हातानं लहान पोरांची औषधं द्यायची मी?"

मोजपट्टीनं पत्र पुन्हा वाचल्यासारखं केलं.

"रोज डोळ्यांपुढे येते ती यादी," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीला काय आणायचं ते विचारताना असतो तसा. "मी बोट ठेवून वाचलं होतं. स्क्रीनवर बोट ठेवून. पहिला नंबर ताडला, दुसरा ताडला. दोनच ओळी होत्या गं. मला एवढंच कोणीतरी सांगायला हवं होतं, की मी त्यात काय चुकीचं वाचलं. ते कळलं असतं ना, तर पुन्हा तसं करायचं नाही एवढं तरी ठरवता आलं असतं."

शेजारच्या घरात कोणीतरी नळ सोडला, बंद केला. मोजपट्टीनं पत्राची घडी घातली, मग उलगडली आणि टेबलावर सरळ करून ठेवली. पुढचे रविवार तिच्या डोळ्यांपुढे आले, बंद दाराचे. ते तसेच येऊ देत, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि खुर्ची वहिनीच्या समोर ओढून घेतली.

"हे पत्र देऊ नकोस."

"का?"

"ओळी तीन होत्या, वहिनी. तिसरी चौकटीच्या खाली दडलेली होती. तुझ्या डिस्कचा नंबर त्या ओळीत होता. कितीही नीट वाचलं असतंस तरी ती तुला दिसली नसती."

वहिनीनं तिच्याकडे बघितलं. "तुला कसं माहीत?"

"तुझ्या आधी एक माणूस तिथेच फसला होता, माझ्या डोळ्यांदेखत. तोही तुझ्यासारखाच, जपून वागणारा. स्क्रीन चुकीची आहे, हे बाहेर देऊ नका, असं मी लिहिलंही होतं. मग एकानं सांगितलं म्हणून ते मीच बदललं. तुला फोनवर डिस्क काढायला सांगितलं नाही तेही मीच. तू पहिल्यांदा म्हणालीस ना, माझ्या हातून दाबलं गेलं, तेव्हाच मला सगळं माहीत होतं. नऊ आठवडे माहीत आहे. तुझा हात कुठेही चुकलेला नाही. चूक माझी आहे, आणि ती मी तुझ्यावर राहू दिली."